तीन बंदुका, एक घड्याळ

२०१६ साली अभिनेता कियानू रीव्ह्जचा एक छोटा व्हिडिओ जगभर फिरला. तो ‘जॉन विक’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाच्या तयारीतला होता. कॅलिफोर्नियातल्या एका उघड्या रेंजवर रीव्ह्ज रायफल, पिस्तूल आणि शॉटगन एकामागून एक चालवत होता आणि समोरच्या पोलादी पाट्या टणाटण वाजत होत्या. त्याचा गुरू होता टॅरन बटलर, ‘मल्टिगन’ म्हणजे एकाहून अधिक बंदुकांच्या स्पर्धांत मुरलेला नेमबाज. बघणाऱ्या बहुतेकांची नजर रीव्ह्जच्या नेमावर खिळली. पण त्या व्हिडिओत खरं पाहण्यासारखं होतं ते त्याच्या हातांचं काम. एक बंदूक ठेवून दुसरी घेताना, मॅगझिन बदलताना त्याचे हात कुठे चाचपडत नव्हते.

मल्टिगनचं सगळं मर्म या हातांच्या कामात आहे. एका फेरीत नेमबाज तीस-चाळीस गोळ्या झाडतो. त्या झाडायला लागणारा वेळ काढला तर तो फार थोडा भरतो. उरलेला वेळ धावण्यात, थांबण्यात, बंदूक बदलण्यात आणि ती पुन्हा भरण्यात जातो. दोन चांगल्या नेमबाजांत फरक पडतो तो याच उरलेल्या वेळात. त्यामुळे या खेळाची निम्मी तयारी कंबरेच्या पट्ट्यावर होते आणि उरलेली घरातल्या एका मजबूत टेबलावर, जिथे काडतुसं बनतात.

खेळ पक्का अमेरिकन. मे १९७६ मध्ये मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी काही नेमबाज जमले आणि त्यांनी ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ म्हणजे आयपीएससी स्थापन केली. मरीन दलातले निवृत्त अधिकारी जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. एका जागी उभं राहून गोल कागदावर नेम धरण्यापेक्षा हलत, वळत, आडोशामागून अचूक आणि झटपट गोळी मारता आली पाहिजे, असा या मंडळींचा आग्रह होता. अचूकता, ताकद आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द संघटनेचं ब्रीद झाले. पुढे १९८०च्या दशकात ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’ या मासिकाने तीन बंदुकांची स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि ‘थ्री-गन’ हे नाव रुळलं. अमेरिकेतली युएसपीएसए ही संघटना १९८४ची. आज तिच्या मल्टिगन स्पर्धांखेरीज आपापले नियम असलेले कितीतरी स्वतंत्र सामने तिथे भरतात.

प्रत्येक सामन्यात अनेक ‘स्टेज’ असतात. स्टेज म्हणजे भिंती, पिंपं, दारं, खिडक्या उभारून केलेला एक मार्ग. सुरुवातीला नेमबाजांना काही मिनिटं तो मार्ग रिकाम्या हाताने फिरून पाहता येतो. तेवढ्यात कुठल्या खिडकीतून काय दिसतं, कुठे बंदूक भरायची, कुठे बदलायची हे डोक्यात बसवायचं. मग रेंज ऑफिसर ‘स्टँडबाय’ म्हणतो, हातातला टायमर वाजतो आणि घड्याळ धावू लागतं. टायमरला गोळीचा आवाज कळतो. शेवटच्या गोळीची वेळ ती नेमबाजाची वेळ. कागदी लक्ष्यावर बहुतेक सामन्यांत मध्यभागी एक किंवा कुठेही दोन छिद्रं पुरतात. ती नसली की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. पोलादी पाटी मात्र पडली पाहिजे. हवेत उडणारी मातीची थाळी फुटली पाहिजे.

रायफलचं काम संपलं की ती नुसती खाली टाकून चालत नाही. ठरलेल्या पिंपात किंवा पेटीत, नळी सुरक्षित दिशेला करून, सेफ्टी लावून किंवा पूर्ण रिकामी करूनच ठेवावी लागते. हे चुकलं तर नेमबाज तिथल्या तिथे सामन्यातून बाद. नळी ठरलेल्या १८० अंशांच्या रेषेमागे वळली तरी बाद. पिस्तूल म्यानातून निसटून पडलं तरीही तेच. हे नियम कसे पाळायचे याचा विचार करूनच साहित्य निवडावं लागतं.

आधी पट्टा. स्पर्धक दोन पट्टे वापरतात. आतला पातळ पट्टा पँटच्या लूपमधून जातो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला वेल्क्रो असतो. बाहेरचा ताठ पट्टा त्यावर चिकटतो आणि सगळं ओझं तोच पेलतो. ताठ पट्टा नसेल तर धावताना मॅगझिनं हेलकावतात आणि हात जातो तिथे वस्तू नसते. उजव्या बाजूला पिस्तुलाचं होल्स्टर, डाव्या बाजूला पिस्तुलाची दोन-तीन मॅगझिनं आणि रायफलचं एक, पुढे पोटाशी शॉटगनची काडतुसं, अशी साधारण मांडणी. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यातली वाटी न बघता सापडते, तसा पट्ट्यावर हात जावा लागतो.

नुसत्या पिस्तुलाच्या शर्यतीत काही जण जेमतेम चापापाशी पकड असलेलं उघडं होल्स्टर वापरतात. मल्टिगनमध्ये पिस्तूल कंबरेला ठेवून रायफल घेऊन पळायचं, वाकायचं, कधी आडव्या फळीखालून सरपटायचं असतं. त्यामुळे वरून झाकण किंवा कुलूप असलेलं होल्स्टर अनेक जण पसंत करतात. काढायला एखादा क्षण जास्त लागतो, पण पिस्तूल जमिनीवर पडण्याची भीती राहत नाही. हा सौदा फायद्याचाच आहे. नवखे खेळाडू मात्र पहिल्या सामन्याला अंगावर मिळेल ते सगळं लटकवून येतात आणि दुसऱ्या सामन्याला त्यातलं अर्धं घरी ठेवतात. पट्ट्यावरच्या पाऊचना झटकन काढता-लावता येणाऱ्या प्लेट असतात, म्हणजे प्रत्येक स्टेजप्रमाणे मांडणी बदलता येते. शॉटगनचं काम नसलेल्या स्टेजमध्ये काडतुसांचं ओझं कशाला वाहायचं?

शॉटगन हे या खेळातलं सर्वात अवघड प्रकरण. पिस्तूल आणि रायफलची मॅगझिनं आयती भरलेली असतात, एक काढली की दुसरी बसवायची. बहुतेक शॉटगनला मात्र नळीखाली लांब नळकांडं असतं आणि त्यात काडतुसं एकेक करून खालून ढकलावी लागतात. अनेक सामन्यांत सुरुवातीला नऊच काडतुसं भरायची मुभा असते आणि स्टेजला लागतात वीसहून जास्त. म्हणजे मध्येच धावता धावता भरणं आलंच. पूर्वी नेमबाज एकेक काडतूस बोटांनी आत सरकवत आणि प्रत्येकाला सेकंदभर जाई. मग साधारण दीड दशकापूर्वी ‘क्वाड लोड’ची पद्धत फोफावली आणि खेळाचा चेहराच बदलला.

क्वाड लोडसाठी छातीवर किंवा पट्ट्यावर खास पट्ट्या असतात. त्यात काडतुसं एकामागे एक अशी दोन-दोनच्या रांगांत अडकवलेली असतात. नेमबाज बंदूक उलटी करून खांद्यावर टेकवतो, दुसऱ्या हाताने शेजारच्या दोन रांगा, म्हणजे चार काडतुसं, एका मुठीत ओढतो आणि अंगठ्याने आधी दोन, मग दोन आत ढकलतो. सराव असलेला माणूस आठ काडतुसं चारेक सेकंदांत भरतो. त्यासाठी बंदुकीतही बदल करून घेतात. भरण्याचं तोंड कानशीने रुंद आणि गुळगुळीत केलं जातं, आतला काडतूस उचलणारा तुकडा अंगठा चिमटणार नाही असा बेताने घडवला जातो. बेनेली एम-२ या इटालियन बंदुकीवर अशी कामं करून देणारे कारागीर अमेरिकेत आहेत. मॉसबर्गने तर लुइझियानाच्या जेरी मिक्युलेक या नामांकित नेमबाजाच्या आद्याक्षरांची ‘९३० जेएम प्रो’ ही शॉटगन थेट या खेळासाठीच बाजारात आणली.

मिक्युलेकचा एक विक्रम इथे सांगायलाच हवा, कारण त्यात बंदूक भरण्याची वेळही मोजलेली आहे. १९९९ मध्ये त्याने साध्या रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडल्या, रिव्हॉल्व्हर रिकामं करून पुन्हा भरलं आणि आणखी सहा झाडल्या. एकूण वेळ २.९९ सेकंद.

शॉटगनची दुसरी बाजू आहे छर्ऱ्यांची. नळीच्या टोकाला बसवायचा ‘चोक’ जितका आवळलेला, तितके छर्रे उशिरा पसरतात. दहा यार्डांवरच्या थाळीला मोकळा चोक बरा, पस्तीस यार्डांवरच्या पाटीला आवळलेला. म्हणून शहाणा खेळाडू सामन्याआधी मोठे कागद टांगतो, प्रत्येक चोक आणि प्रत्येक काडतूस निरनिराळ्या अंतरांवरून झाडून बघतो आणि छिद्रं मोजतो. काही लक्ष्यांना छर्रे चालत नाहीत, एकच जाड गोळी म्हणजे ‘स्लग’ लागतो. तो बंदुकीच्या माशीपेक्षा किती वर-खाली लागतो याची वेगळी नोंद ठेवावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बरेच जण टाळतात. मग सामन्यात छर्रे पाटीभोवती पसरतात, पाटी जागेवर राहते आणि ते काडतुसाच्या कंपनीला दोष देतात.

रायफल बहुधा एआर-१५ पद्धतीची, .२२३ बोअरची. एकाच स्टेजमध्ये सात यार्डांवरचा कागद आणि तीनशे यार्डांवरची पोलादी पाटी दोन्ही असू शकतात. त्यामुळे जिची प्रतिमा मोठी करण्याची शक्ती एक पटीपासून सहा किंवा आठ पटींपर्यंत बदलता येते अशी दुर्बीण वापरतात. जवळ एक पट ठेवून दोन्ही डोळे उघडे, लांबसाठी खटका फिरवून मोठं चित्र. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलची हलकी गोळी तीनशे यार्डांवर सुमारे आठ-नऊ इंच खाली उतरते. ही आकडेवारी कागदावर लिहून दस्त्याला चिकटवलेली अनेकांच्या बंदुकीवर दिसते. दुर्बिणीचे स्क्रू मोजणीच्या पान्याने ठरल्या दाबाइतकेच आवळायचे आणि स्क्रूवरून खाली बारीक रंगाची रेघ ओढायची. रायफल चार वेळा पिंपात आदळली की स्क्रू सैल होतात आणि तुटलेली रेघ ते लगेच दाखवते.

पिस्तुलाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते बहुधा नऊ मिलिमीटरचं असतं, मॅगझिनची लांबी नियमाने बांधलेली असते आणि ते विश्वासाने चाललं की झालं. साहित्याप्रमाणे नेमबाजांचे गट पडतात. त्यांची नावं सामन्यागणिक वेगळी असली तरी तत्त्व सोपं आहे. ‘ओपन’ गटात जवळजवळ सगळ्या सुधारणा चालतात, ‘टॅक्टिकल’मध्ये रायफलवर एक दुर्बीण, आणि ‘हेवी मेटल’मध्ये .३०८ची दणकट रायफल, .४५चं पिस्तूल आणि हाताने मागे-पुढे ओढायची पंप शॉटगन. या शेवटच्या गटाला दोन-तीन फेऱ्यांनंतर खांदा शेकावा लागतो.

आता टेबलाकडे. मनापासून खेळणारा मल्टिगनर सरावासकट वर्षाला हजारो गोळ्या झाडतो आणि दुकानातली काडतुसं त्याचा खिसा रिकामा करतात. म्हणून पुष्कळ जण ती घरी बनवतात. काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला ठिणगी पाडणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यातली पुंगळी सर्वात महाग आणि तीच पुन्हा वापरता येते. त्यामुळे अमेरिकन रेंजवर स्टेज संपली की बरेच जण वाकून पितळ गोळा करताना दिसतात. मोठ्या सामन्यांत मात्र पितळ उचलायला बंदी असते, कारण मागचे खेळाडू खोळंबतात.

घरातलं काम क्रमाने चालतं. पुंगळ्या आधी मक्याच्या कणसाच्या भुश्शात किंवा अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्यात गरगर फिरवून स्वच्छ करतात. मग ‘प्रेस’ नावाच्या तरफेच्या यंत्रात झाडल्यामुळे फुगलेली पुंगळी पुन्हा मापात दाबली जाते आणि जुना प्रायमर निघतो. नवा बसतो, तोंड किंचित फुलवलं जातं, दारू पडते, गोळी बसते आणि तोंड पुन्हा मिटवलं जातं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला कठीण कार्बाइडचा साचा असला की वंगण लागत नाही. रायफलच्या बाटलीसारख्या पुंगळीला मात्र वंगण लागतं, ती दर वेळी थोडी लांबते आणि .२२३ची पुंगळी १.७६० इंचापेक्षा लांब झाली की कापून मापात आणावीच लागते. सैन्याच्या कारखान्यातून आलेल्या पुंगळीत प्रायमर कडेने दाबून पक्का केलेला असतो. ती कड काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही.

ज्याला थोडीच काडतुसं हवीत त्याला एका वेळी एकच काम करणारं साधं प्रेस पुरतं. मल्टिगनवाल्याला ते परवडत नाही. त्याला ‘प्रोग्रेसिव्ह’ प्रेस लागतं, ज्यात निरनिराळ्या पुंगळ्यांवर निरनिराळी कामं एकाच वेळी होतात आणि तरफ एकदा ओढली की एक तयार काडतूस बाहेर पडतं. ही यंत्रं सामान्य नेमबाजाच्या घरात पोहोचवण्यात ॲरिझोनाच्या स्कॉट्सडेलमधल्या डिलन प्रिसिजन या कंपनीचा मोठा वाटा. तिचे संस्थापक माइक डिलन २०१६ मध्ये वारले. कंपनीच्या आरएल-५५० मध्ये चार टप्पे असतात आणि चाक हाताने फिरवावं लागतं. एक्सएल-७५० मध्ये पाच टप्पे आणि चाक आपोआप फिरतं. नवशिक्याने ५५० वरच हात बसवावा असा जुन्या खेळाडूंचा सल्ला असतो आणि तो पटण्यासारखा आहे. चाक आपण फिरवतो तेव्हा प्रत्येक पुंगळीकडे नजर जाते.

ही नजर फार गरजेची, कारण इथलं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम. नऊ मिलिमीटरच्या एका काडतुसात साधारण चार-पाच ग्रेन दारू पडते, म्हणजे चिमटीत मावेल इतकी. एवढ्याशा दारूने पुंगळी पुरती भरतही नाही. त्यामुळे चुकून दोनदा पडलेली दारूही आत मावून जाते आणि ते काडतूस बंदूक फोडू शकतं. उलट चूकही तितकीच वाईट. दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या धक्क्याने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. ‘फुस्’ असा आवाज येतो, आणि घड्याळाच्या नादात नेमबाजाने पुन्हा चाप ओढला तर नळी फाटते. म्हणून तसा आवाज आला की रेंज ऑफिसर ‘स्टॉप’ ओरडतो.

टेबलाचे नियमही त्यामुळेच कडक. टेबलावर एका वेळी एकच दारू. प्रमाण छापील पुस्तकातून, ऐकीव नव्हे. काम करताना गप्पा नाहीत, टीव्ही नाही. डोळ्यांना चष्मा, कारण प्रायमर दाबाने पेटतो आणि एकमेकांशेजारी रचलेले प्रायमर एकदम पेटू शकतात. काम झालं की हात-तोंड धुतल्याशिवाय खाणं नाही, कारण प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.

एवढा खटाटोप पैसे वाचवण्यापुरताच नसतो. घरी बनवलेलं काडतूस बंदुकीला जुळवता येतं. संघटना ‘पॉवर फॅक्टर’ तपासतात: गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला किती फूट वेग, भागिले हजार. युएसपीएसएच्या नियमात पिस्तुलाला किमान १२५ लागतो. १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगाने गेली की १३०.२ येतो. १४७ ग्रेनची जड गोळी ९०० फुटांनी गेली तरी १३२.३. जड गोळी संथ जाते आणि अनेकांच्या हाताला तिचा धक्का मऊ वाटतो, म्हणून ती लोकप्रिय आहे. काही जण किमान आकड्याच्या अगदी काठावर दारू ठेवतात. मग थंडीच्या सकाळी वेग थोडा उतरतो आणि तपासणीत काडतूस नापास होतं किंवा पोलादी पाटी डुलते, पण पडत नाही. चार-पाच अंकांचं अंतर राखणं केव्हाही बरं. त्यासाठी गोळीचा वेग मोजणारं क्रोनोग्राफ यंत्र हवंच.

२०२० साली महामारी आली, बंदुकांची विक्री वाढली आणि त्याच जुलैत रेमिंग्टन या बंदुका-काडतुसं बनवणाऱ्या जुन्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. प्रायमर दुकानातून नाहीसे झाले. पितळ, गोळ्या, दारू सगळं घरात असूनही लोक हात चोळत बसले. तेव्हापासून बरेच जण आधी प्रायमर जमवतात, मग बाकीचं. शॉटगनची काडतुसं मात्र फार थोडे जण घरी बनवतात. सरावाचे डबे दुकानात परवडतात आणि झटपट भरताना घरच्या प्लॅस्टिकच्या पुंगळीची कड वाकलेली असेल तर ती अडकते.

आपल्याकडे हा खेळ का नाही, याचं उत्तर कायद्यात आहे. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आणि अशा अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याविना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीने तर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणजे तीन बंदुकांचा खेळ आकड्यातच अडतो. नोंदणीकृत खेळाडूंना सवलती आहेत, पण त्या ऑलिंपिक प्रकारांना सोयीच्या. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते एकाच .२२ रायफलने, गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला हा खेळ जवळून पाहता येतो. पण कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असेल तर बंदुकीला हात लावण्याआधी त्याने वकिलाला विचारावं. संघराज्याचा कायदा अशा लोकांना बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई करतो आणि शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजकेच अपवाद ठेवतो. नुसतं बघायला जाण्याला असा अडसर नाही. स्थानिक क्लबचे महिन्याचे सामने अनेकदा पाहुण्यांनाही खुले असतात. आधी फोन करून विचारावं, कानाला आवाजरोधक आणि डोळ्यांना चष्मा सोबत न्यावा, आणि गोळीबार थांबल्यावर पाट्या पुन्हा उभ्या करायला हात लावावा. असे पाहुणे तिथे सर्वांना आवडतात.